सही सगळ्यांची, पेला मात्र पातळ: गिळण्याच्या त्रासाबाबत केअर होममधील कर्मचारी-प्रशिक्षणाचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका संस्थेचे नाही. वृद्धांच्या केअर होममध्ये प्रशिक्षकाला पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील इथे एका संस्थेच्या चौकटीत एकत्र मांडले आहेत. एक चूक दुसरीला कशी जागा करून देते, हे त्यामुळे सलग पाहता येते. प्रकरणातील आकडे फक्त संस्थेचा आकार आणि कामाचा भार समजावा यासाठी आहेत.

परिस्थिती

चाळीस खाटांचे दुमजली केअर होम. नऊ रहिवाशांना गिळण्याचा त्रास. त्यांतले एक आजोबा ८१ वर्षांचे, पक्षाघातानंतर उजवी बाजू कमजोर झालेली. गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टने त्यांच्यासाठी स्पष्ट लिहून दिलेले आहे: पेय पातळी २ (सौम्य घट्ट), अन्न पातळी ५ (बारीक केलेले, ओलसर), ताठ बसवून, लहान चमच्याने, घास डाव्या बाजूने. तरीही दोन महिन्यांत त्यांना तीनदा ताप आणि छातीत कफ झाला. तिसऱ्या वेळी रुग्णालयात अस्पिरेशन न्यूमोनियाचे निदान झाले, म्हणजे अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून झालेला संसर्ग.

व्यवस्थापनाने प्रशिक्षकाला निरोप पाठवला: सगळ्यांना तीन तासांचे ट्रेनिंग पुन्हा द्या. रजिस्टर पाहिले तर तेच ट्रेनिंग चार महिन्यांपूर्वी झालेले होते. सव्वीस जणांपैकी सव्वीस जणांच्या सह्या होत्या आणि शेवटच्या प्रश्नपत्रिकेत सगळे उत्तीर्ण झाले होते.

इथे प्रशिक्षकाने लगेच हॉल बुक करू नये. जे एकदा शिकवून कामात उतरले नाही, ते त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून उतरेल असे मानायला कारण नसते. या प्रकरणात आधी दहा कर्मचाऱ्यांना काम करता करता एकच प्रश्न विचारला गेला: पेय घट्ट का करायचे? दहाही जणांचे उत्तर बरोबर होते. पातळ पाणी वेगाने घशात जाते, श्वासनलिका बंद व्हायच्या आत तिथे पोचते. घट्ट पेय सावकाश सरकते आणि गिळायला वेळ मिळतो. म्हणजे ज्ञान होते. अडचण दुसरीकडे होती, आणि ती शोधायला दोन दिवस पँट्रीत, जेवणघरात आणि खाटेजवळ उभे राहावे लागले.

दोन दिवसांत काय दिसले

सर्वांत आधी मग. थिकनर, म्हणजे पेय घट्ट करणाऱ्या पावडरच्या डब्यावर प्रमाण २०० मिलिलिटरला दिलेले होते. पँट्रीत तीन आकारांचे मग होते: १५०, २०० आणि २८० मिलिलिटरचे. कर्मचारी प्रत्येक मगात दोनच मापे टाकत, कारण 'दोन मापे' एवढेच सर्वांच्या लक्षात राहिले होते. २८० मिलिलिटरला त्याच हिशेबाने जवळपास पावणेतीन मापे लागतात. आजोबांचा आवडता मग सर्वांत मोठा होता, म्हणून त्यांचेच पेय रोज सर्वांत पातळ व्हायचे. आवडीचा मग देण्यामागे माया होती, आणि तीच नेमकी धोक्याची जागा ठरली.

दुसरी गोष्ट मापाची. वरच्या मजल्यावर जुनी स्टार्चची पावडर होती, खालच्या मजल्यावर नवी झँथन गम या डिंकाची. खरेदीत बदल झाला होता, पण तो कामाच्या जागी कोणी सांगितला नव्हता. स्टार्चची पावडर वजनाने बरीच जास्त लागते, झँथन गमची थोडीच पुरते. त्यामुळे दोन्हींची मापे वेगळ्या आकाराची येतात. खालच्या डब्यातले माप हरवले होते आणि तिथे साधा चहाचा चमचा वापरात होता. वरच्या मजल्यावरच्या कर्मचाऱ्याला खाली ड्युटी लागली की ती आपले मोठे माप खिशातून खाली आणायची. तिच्या हातचे पेय पुडिंगसारखे घट्ट होई आणि पुढच्या पाळीतले पाण्यासारखे पातळ. पेयाची पातळी कोणाची ड्युटी आहे यावर ठरत होती.

तिसरी गोष्ट वेळेची. दूध घातलेली पेये पाण्यापेक्षा सावकाश घट्ट होतात. घाईत असलेली व्यक्ती ढवळते, 'अजून पातळच आहे' म्हणते आणि आणखी एक माप टाकते. काही मिनिटांनी पेय इतके घट्ट होते की रहिवासी ते तोंडातून बाहेर काढतो. मग त्यात पाणी मिसळले जाते, गुठळ्या राहतात, आणि तयार होते सर्वांत वाईट मिश्रण: वर पातळ, तळाला गोळे. स्टार्चच्या पावडरीत आणखी एक दोष आहे. पेय ठेवल्याठेवल्या घट्ट होत जाते, पण लाळेतले अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च तोडते. तोंडात गेलेला चमचा पुन्हा पुन्हा मगात बुडवला की अर्ध्या तासात तेच पेय पातळ झालेले असते. झँथन गमवर अमायलेजचा असा परिणाम होत नाही.

चौथी गोष्ट कोणाच्याच यादीत नव्हती. सकाळच्या औषधांच्या राउंडला परिचारिका गोळ्या साध्या पाण्याबरोबर देत होती. चार महिन्यांपूर्वीचे ट्रेनिंग 'काळजी कर्मचाऱ्यांसाठी' होते, त्यामुळे परिचारिकांना आणि स्वयंपाकघराला बोलावलेलेच नव्हते. आजोबांना दिवसभर पातळी २ ची पेये देण्याची सगळी मेहनत रोज सकाळी आठ वाजता शंभर मिलिलिटर साध्या पाण्याने निष्फळ होत होती. त्यातच त्यांना बद्धकोष्ठासाठी मॅक्रोगोलचे, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकोलचे, औषध सुरू होते. स्टार्चच्या थिकनरमध्ये ते मिसळले की घट्टपणा मोडतो आणि द्रव पुन्हा पातळ होतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये याबद्दल स्वतंत्र इशारा दिला आहे. परिचारिकेने ते औषध 'घट्ट पेयातच तर दिले' होते. तिच्या समजुतीप्रमाणे तिने काळजीच घेतली होती.

बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच. खाटेचे डोके ४५ अंशांवर आणि आजोबा खाली घसरलेले. भरवणारी व्यक्ती उभी, त्यामुळे चमच्याकडे पाहताना त्यांची मान मागे जाते आणि श्वासनलिकेचा मार्ग आणखी मोकळा होतो. नातेवाइकांनी आणलेले आइस्क्रीम, जे दिसायला घट्ट असले तरी तोंडाच्या उष्णतेने पातळ पाणी होते. केअर प्लॅनवर 'नेक्टरसारखे' (दाट फळरसासारखे), पँट्रीतल्या फलकावर 'सौम्य घट्ट', थेरपिस्टच्या पत्रात 'पातळी २': एकाच सूचनेसाठी तीन भाषा. संध्याकाळच्या जेवणाला भरवायचे सात जण आणि भरवणारे दोन. आणि रात्री कवळी काढून तोंड स्वच्छ करण्याच्या नोंदी बहुतेक दिवशी कोऱ्या.

या शेवटच्या गोष्टीवर आमचा सर्वांत जास्त भर आहे. न्यूमोनिया फक्त पाणी चुकीच्या नळीत गेल्याने होत नाही. त्या पाण्याबरोबर तोंडातले जंतू किती गेले यावरही तो अवलंबून असतो. घट्ट पेयावर सगळे लक्ष आणि अस्वच्छ तोंडाकडे दुर्लक्ष, असे प्रशिक्षण अर्धवट असते.

प्रशिक्षणाआधीच्या दुरुस्त्या

वरच्या चुकांपैकी निम्म्या शिकवून सुटणाऱ्या नव्हत्या. म्हणून वर्ग घेण्याआधी व्यवस्थापनाकडे चार मागण्या लेखी गेल्या. पूर्ण इमारतीत एकच थिकनर, तोही झँथन गमचा, आणि प्रत्येक डब्यात त्याच उत्पादकाचे माप. घट्ट पेयांसाठी एकाच आकाराचे, २०० मिलिलिटरवर रेघ असलेले मग. सगळ्या कागदांवर आयडीडीएसआयची, म्हणजे पेय आणि अन्नाचा घट्टपणा ठरवणारी ० ते ७ ही आंतरराष्ट्रीय पातळी-पद्धत, बाकीचे शब्द रद्द. संध्याकाळचे जेवण दोन फेऱ्यांत, भरवायच्या रहिवाशांची फेरी अर्धा तास आधी. आजोबांचा लाडका मग काढून घेतला नाही. त्याला २०० मिलिलिटरवर न पुसणारी रेघ मारून घेतली.

थिकनरचे डबे कुलूपबंद कपाटात गेले. ही औपचारिकता नाही. कोरडी पावडर तोंडात गेली तर ती लाळेने फुगते आणि घसा बंद करते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती डबा लागणे जिवावर बेतू शकते. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये याच कारणाने रुग्णसुरक्षेचा इशारा काढला गेला, तो केअर होममधल्या एका मृत्यूनंतर.

पंचवीस मिनिटांचे सत्र

तीन तासांचा वर्ग रद्द झाला. त्याऐवजी दोन पाळ्या एकमेकींवर येतात त्या वेळेत, पँट्रीतच, एका वेळी चार जण, पंचवीस मिनिटे. परिचारिका, स्वयंपाकी आणि रात्रपाळी यांच्यासकट. रात्रपाळीसाठी प्रशिक्षकाला पहाटे यावे लागते. त्यांना ड्युटी संपल्यावर थांबवून ठेवले की ते शरीराने थांबतात, पण शिकत नाहीत.

पहिली दहा मिनिटे हातांची. प्रत्येकाने एक पेय पातळी २ चे बनवायचे: आधी द्रव रेघेपर्यंत, मग सपाट केलेली मापे, मग डब्यावर सांगितलेल्या क्रमाने आणि तेवढ्या वेळ ढवळणे, मग सांगितली तेवढी मिनिटे थांबणे. जास्तीचे माप टाकायचा मोह झाला तर हात मागे. थांबण्याच्या या वेळात मगावर झाकण ठेवून पुढच्या रहिवाशाला ताठ बसवायला जायचे, अशी जोडी घालून दिली की वेळ वाया गेल्याची भावना राहत नाही.

मग सिरिंजची चाचणी. दहा मिलिलिटरच्या साध्या टोकाच्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, टोक बोटाने बंद करायचे, १० मिलिलिटरपर्यंत पेय भरायचे, बोट सोडून बरोबर १० सेकंद वाहू द्यायचे आणि पुन्हा बंद करायचे. सिरिंजमध्ये ४ ते ८ मिलिलिटर उरले तर पातळी २. १ ते ४ उरले तर पातळी १, ८ च्या वर उरले तर पातळी ३, आणि थेंबही गेला नाही तर पातळी ४, जिथे पुढची तपासणी चमचा आणि काट्याने होते. ज्या तापमानाला पेय द्यायचे त्याच तापमानाला चाचणी करायची.

ही चाचणी इथेच एकदा फसली. कपाटातल्या सिरिंजा वेगळ्या बनावटीच्या होत्या आणि त्यांच्यात सगळी पेये एक पातळी जास्त घट्ट दिसत होती. पद्धतीत सिरिंजची लांबीही ठरलेली आहे: शून्य ते दहा मिलिलिटर या खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर. पट्टीने मोजले तेव्हा फरक कळला. सत्राला जाण्याआधी प्रशिक्षकाने आपली सिरिंज मोजून घ्यावी. नाहीतर आपणच आत्मविश्वासाने चुकीचे शिकवून येतो.

स्वयंपाकघरासाठी पातळी ५ चे अन्न: मोठ्यांसाठी तुकडा ४ मिलिमीटरहून रुंद नको. सामान्य काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, त्यामुळे वेगळे मोजमाप लागत नाही. काट्यावर उचलले तर ढीग टिकला पाहिजे आणि खालून पाणी सुटता कामा नये. स्वयंपाक्याचा पहिला आक्षेप होता की वाफवलेली भाजी बारीक केली तरी ताटात पाणी सुटतेच. आक्षेप खरा होता. बारीक करण्याआधी भाजी निथळून घेणे आणि दाट सॉसमध्ये बांधणे हा तोडगा त्यानेच काढला, आणि पुढच्या सत्रांत तो त्यानेच शिकवला.

पुढची दहा मिनिटे भरवण्याची, आणि संपूर्ण प्रशिक्षणाचा गाभा तोच. चौघांच्या दोन जोड्या करायच्या. सत्राआधी प्रत्येकाला गिळण्याचा त्रास किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे का, हे विचारायचे. पहिल्या दोन मिनिटांत भरवणारा उभा राहून, न बोलता, भराभर घट्ट पेय चमच्याने देतो. पुढच्या दोन मिनिटांत तो समोर बसून, डोळ्यांच्या पातळीवर, काय देतो ते सांगून, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली पाहून मगच पुढचा चमचा देतो. दोन्हींतला फरक स्वतःच्या घशाने कळतो. घट्ट पेय किती नकोसे लागते, हेही कळते. आजोबा 'त्रास देतात' ही तक्रार त्यानंतर पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये कमी ऐकू येते.

मग एक एक पायरी खाटेशी. व्यक्ती पूर्ण जागी आहे का. झोपाळलेल्याला भरवायचे नाही. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी जागेवर. कंबर खुर्चीच्या किंवा गादीच्या मागच्या कडेला टेकलेली, पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. हनुवटी छातीला टेकवायला लावणे हा उपचाराचा भाग आहे; तो थेरपिस्टने सांगितला तरच करायचा. चमचा लहान, अर्धा भरलेला, समोरून आणि खालून. आजोबांच्या बाबतीत डाव्या बाजूने, आणि दर चार-पाच घासांनी उजव्या गालात काही साठले आहे का ते पाहणे. कमजोर बाजूला उरलेला घास त्यांना जाणवत नाही. थांबण्याच्या खुणा: ठसका, गिळल्यानंतर ओला, गुळगुळ आवाज, डोळ्यांत पाणी, श्वास वाढणे, चेहऱ्याचा रंग बदलणे. ठसका आला नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरायचे नाही. पक्षाघातानंतर घशाची जाणीव बोथट झाली की द्रव आवाज न करता खाली उतरते. जेवणानंतर अर्धा तास ताठ बसणे आणि लगेच तोंडाची स्वच्छता.

शेवटची पाच मिनिटे घास अडकल्यास काय करायचे याची. खोकता येत असेल तर खोकू द्यायचे. खोकला, आवाज बंद झाला तर मदतीला हाक, पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये पाच थापा, नंतर पोटावर पाच दाब, आणि हेच आळीपाळीने. शुद्ध हरपली तर आपत्कालीन मदत बोलावून सीपीआर (छातीवर दाब देणे) सुरू. व्हीलचेअरपाशी प्रत्यक्ष उभे राहून सराव केला तेव्हा लक्षात आले की ब्रेक लावायला बहुतेक जण विसरतात आणि खुर्ची पुढे निघून जाते.

पेय नाकारले तर

दुसऱ्या आठवड्यात एका मदतनीस बाईंनी विचारले, "घट्ट दिलं की आजोबा तोंड फिरवतात. मग दिवसभर पाणीच जात नाही. ते बरं का?" प्रश्न अचूक होता. घट्ट पेये कमी प्यायली जातात, पाणी कमी पडते, आणि त्यातून मूत्रसंसर्ग, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा येतो. थिकनर हे जोखीम कमी करण्याचे साधन आहे, आणि त्याची स्वतःची किंमतही आहे. म्हणून सत्रात दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या. कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षकाने पातळी स्वतःच्या मनाने बदलायची नाही. आणि जबरदस्तीने, नाक धरून किंवा फसवून पाजायचे नाही. नाकारले तर किती मिलिलिटर गेले ते लिहायचे, चव आणि तापमान बदलून पाहायचे, आणि दोन दिवस सलग कमी जात असेल तर परिचारिकेमार्फत स्पीच थेरपिस्टकडे फेरतपासणीची मागणी करायची. गोळ्यांचेही तसेच: फार्मासिस्टला विचारल्याशिवाय कुटायच्या नाहीत, काही गोळ्यांचे आवरण किंवा सावकाश विरघळण्याची रचना कुटल्याने मोडते आणि मात्रा एकदम अंगावर येते.

पाहणी

प्रश्नपत्रिका ठेवली नाही. दोन, सहा आणि बारा आठवड्यांनी आठ ओळींच्या कागदावर प्रत्यक्ष निरीक्षण झाले: योग्य मग, सपाट माप, थांबण्याची वेळ, बसण्याची स्थिती, भरवणाऱ्याची बैठक, गिळल्याची खात्री, अर्धा तास ताठ, तोंडाची स्वच्छता. प्रत्येकापुढे फक्त हो किंवा नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळ आणि दुपार चांगली होती. संध्याकाळी 'थांबण्याची वेळ' आणि 'भरवणाऱ्याची बैठक' या दोन ओळी घसरलेल्या होत्या, कारण दुसऱ्या मजल्यावर बसायला स्टूलच नव्हते. चार स्टुले आली आणि ओळ सुधारली. सहाव्या आठवड्यात तोंडाची स्वच्छता मागे होती. एका पाळीप्रमुखाने ती झोपण्याच्या वेळेवर ढकलली होती, जेव्हा रहिवासी थकून नकार देतात. ती रात्रीच्या जेवणानंतरच्या ताठ बसण्याच्या अर्ध्या तासात आणली.

या काळात आजोबांना पुन्हा छातीचा संसर्ग झाला नाही. त्यावरून प्रशिक्षण यशस्वी झाले असा निष्कर्ष अहवालात काढला नाही. एक माणूस, तीन महिने, आणि एकाच वेळी मग, पावडर, औषधे, तोंडाची स्वच्छता असे अनेक बदल. कशाने काय झाले हे यातून वेगळे काढता येत नाही. अहवालात फक्त काय बदलले आणि काय टिकले ते लिहिले.

बाराव्या आठवड्यात दोन गोष्टी उघड्या होत्या. एजन्सीकडून अचानक आलेले कर्मचारी सत्राला नसतात; त्यांच्यासाठी नियम ठरला की सत्र झाल्याशिवाय त्यांनी या नऊ जणांना भरवायचे नाही, त्यांना दुसरे काम द्यायचे. दुसरी गोष्ट आजोबांची. फेरतपासणीत थेरपिस्टने तोंड स्वच्छ केल्यानंतर, जेवणांच्या मधल्या वेळेत, ताठ बसवून साध्या पाण्याचे छोटे घोट द्यायला परवानगी दिली. जेवताना आणि औषधांबरोबर मात्र पातळी २ कायम. हा नियम फक्त त्यांच्यापुरता होता आणि बाकी आठ जणांना लावला तर धोक्याचा. त्याच दुपारी तिन्ही पाळ्यांचे प्रमुख, परिचारिका आणि पँट्रीची जबाबदार व्यक्ती यांना त्यांच्या खाटेपाशी ते करून दाखवले, खाटेजवळचे, पँट्रीतले आणि औषधांच्या ट्रॉलीवरचे अशी तिन्ही जुनी कार्डे काढून फाडली आणि तारीख घातलेली नवी लावली.